गजाच्या जीपचा नंबर

रिसोडच्या स्टँडावर उभ्या असलेल्या जीपगाड्यांत इंद्रभानची जीप ओळखायला कुणाला विचारावं लागत नसे. बाकी गाड्यांच्या तोंडाला पत्र्यात कापलेली सुबक जाळी होती. इंद्रभानच्या गाडीला मात्र लोखंडाच्या सपाट पट्ट्या एकीशेजारी एक उभ्या जोडलेल्या, तहसिलीच्या खिडकीला गज असतात तशा. म्हणून तिचं नाव गजाची जीप. शेजारी हेमसिंगची कोरी करकरीत जीप उभी राही. हेमसिंग तिला गजाचीसुद्धा म्हणत नसे, खुराडं म्हणे. उतारू हसत आणि हसत हसत हेमसिंगच्याच गाडीत चढत.

गजांवर भागलं असतं तरी चाललं असतं, पण त्या जीपमध्ये उणिवांना तोटा नव्हता. इतर गाड्यांना पुढच्या पत्र्यात पानाची चंची, पावत्या वगैरे ठेवायला खण असतो, हिला तो नव्हताच. मागच्या पत्र्यावर ठोकून उमटवलेली इंग्रजी अक्षरं होती, ती तीनदा रंग मारूनही बुजली नाहीत. चाकंसुद्धा वेगळीच. इंद्रभानच्या बापानं ही गाडी लढाई संपल्यावर कामठीच्या लष्करी लिलावात घेतली आणि आपल्या गावी रिठदला आणली. बाप गेला, गाडी राहिली. इंद्रभान तिच्यावर रागवायचा, तिला शिव्या द्यायचा, पण दुसऱ्यानं दिलेली शिवी त्याला खपत नसे. त्याला कारणही तसंच होतं. त्याची दुर्गा याच जीपमध्ये, वाशीमच्या दवाखान्याच्या वाटेवर, नाल्याच्या काठी जन्मली होती.

आता दुर्गाचं लग्न ठरलं होतं. मंगरूळपीरकडचे पुंजाजी, चांगले तालेवार शेतकरी, तिचे सासरे होणार होते. देणंघेणं, मानपान, सगळं एका बैठकीत मिटलं. मग इंद्रभाननं आपल्या मनातली एकच गोष्ट बोलून दाखवली. पाठवणीच्या वेळी दुर्गा त्याच्या जीपमधून जाईल आणि गाडी तो स्वतः हाकेल. लेकीला सासरच्या दारात आपल्या हातानं उतरवायचं, एवढीच त्याची हौस होती. पोचवून तो उलट पावली परत येणार होता, पाणीसुद्धा पिणार नव्हता.

पुंजाजी व्याह्यांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"इवाई, तुमचं सारं कबूल हाये मले. पन सून मी खुराड्यात बसवून नेनार नाई. लोकं काय म्हनतीन?"

खुराडं हा शब्द मंगरूळपीरपर्यंत पोचला होता, हे इंद्रभानला त्या दिवशी कळलं. तो घरी आला तो पडलेल्या तोंडानं. बायको कस्तुराबाई व्यवहारी होती. ती म्हणाली, "मंग तोंड बदला ना गाडीचं. अकोल्याले भंगारात नवी जाळी भेटते. पोरीपरीस गज मोठे हायेत काय?"

तिचं खरं होतं. इंद्रभाननं अकोल्याला जायचा बेत केला आणि जाण्याआधी चार उतारू मिळतात का बघावं म्हणून स्टँडावर गाडी लावली. तिथं त्याला रणदिवे साहेब भेटले.

रणदिवे साहेब फौजेच्या वर्कशॉपातून मेजर म्हणून निवृत्त झालेले पुण्याचे गृहस्थ. त्यांचा पुतण्या रिसोडला पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होता, त्याच्याकडे ते चार दिवस आले होते. एवढा मोठा माणूस भर स्टँडात, शेंगांच्या फोलपटांत, गुडघे टेकून इंद्रभानच्या जीपच्या तोंडापुढं बसला. लोकांना वाटलं, साहेबांना भोवळ आली.

"ही जाळी कुणी बदलली तर नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"नाई जी. उद्या बदलून राह्यलो. अकोल्याले."

"खबरदार!" साहेब असे ओरडले की हेमसिंगच्या गाडीतले उतारूसुद्धा खाली उतरून पाहायला आले.

मग साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली. पुढं खण नाही म्हणून त्यांना आनंद झाला. मागची न बुजणारी अक्षरं त्यांनी हातानं कुरवाळली. चाकं बघून तर ते स्वतःशीच हसले. ज्या ज्या गोष्टीची इंद्रभानला आजवर लाज वाटली होती, त्या त्या गोष्टीवर साहेब मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "अहो, हे दोष नाहीत. या खुणा आहेत. लढाईच्या घाईत कारखान्यानं ज्या पहिल्या गाड्या काढल्या ना, त्यांना असे गज जोडायचे. थोड्याच दिवसांत पत्र्याची जाळी आली आणि गज बंद झाले. ही जर खरीच त्यातली असेल, तर तुमच्याकडे काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही."

"जर म्हंजे?"

"गज काय, कुणीही नंतर जोडेल. खात्री नंबरानं होते. बंपरच्या मागं, गाडीच्या सांगाड्याच्या डाव्या दांड्याला, आतल्या अंगानं बोटभर पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर."

साहेब वाकले, हात आत घातला आणि हात बाहेर काढून बघत राहिले. बोटं शेंदरानं माखली होती.

त्याचं असं होतं. बापानं गाडी आणली तेव्हा ती पट्टी दाखवून तो बायकोला म्हणाला होता, हे गाडीचं नाव. इंद्रभानच्या आईनं, रंगूबाईनं, ते मनावर घेतलं. दसऱ्याला औजारांची पूजा होते, तेव्हा विळा-वखराला हळदकुंकू लागे आणि गाडीच्या नावाला तेलात कालवलेला शेंदूर. एक दसरा तिनं चुकवला नाही. पट्टी केव्हाच दिसेनाशी झाली होती आणि तिच्या जागी नारळाएवढा शेंदराचा गोळा दांड्याला धरून बसला होता.

साहेबांना घेऊन इंद्रभान रिठदला आला. वाटेत त्यानं हिशेब करून टाकला होता. नंबर निघाला की साहेबांच्या तोंडून शब्द घ्यायचा, तो शब्द पुंजाजींच्या कानावर घालायचा, म्हणजे दुर्गा याच गाडीतून जाईल. पण घरी रंगूबाई होती. साहेबांनी खिशातला चाकू काढला मात्र, म्हातारी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"देवाले चाकू लावता? तुमच्या पुन्यात असं करते काय?"

"आजी, चाकू नको तर नको. रॉकेलचा बोळा फिरवतो नुसता."

"रॉकेल!" रंगूबाईनं कानांवर हात ठेवले.

"माय, लगनाचा सवाल हाये," इंद्रभान काकुळतीला आला. "कायले अडवून राह्यली तू?"

"देव आपल्या मनानं खोळ सोडते. सोडाची तवा सोडीन. मानसानं खरडाची नाई."

मूर्तीवर साचलेला शेंदूर कधी आपोआप निखळतो, त्याला देवानं खोळ सोडली म्हणतात. वाजतगाजत ती खोळ नदीत सोडतात आणि गाव तो मोठा शुभशकुन मानतं. पण देव कधी मनावर घेईल याचा नेम नाही आणि साहेब परवाच्या गाडीनं पुण्याला जाणार होते. इंद्रभाननं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "साहेब, बसा जी. जराशी चक्कर मारून येऊ."

फौजेत इतक्या चकरा मारलेले रणदिवे साहेबसुद्धा ती चक्कर कधी विसरले नसतील. इंद्रभाननं रस्ता सोडला आणि गाडी थेट कोरड्या नाल्याच्या पात्रात घातली. एकही धोंडा त्यानं चुकवला नाही, उलट जो हुकला त्याच्यासाठी गाडी मागं घेतली. साहेबांची टोपी गेली. त्यांनी दोन्ही हातांनी दांडी धरली आणि दातांवर दात आपटत विचारलं, "अहो, हे काय चाललंय?"

"देवाले आठवन देऊन राह्यलो," इंद्रभान म्हणाला.

नाला संपला तरी गोळा पडला नाही. दगडांनी हार मानली होती. हिरमुसून इंद्रभाननं गाडी घराकडं वळवली, अंगणात आणली आणि वृंदावनापुढं कचकन ब्रेक मारला. त्या शेवटच्या हिसक्यानं अख्खा गोळा सुटला आणि घरंगळत थेट रंगूबाईच्या पायांशी जाऊन थांबला. आतून गुळगुळीत, अखंड, कुठं टवकासुद्धा उडालेला नाही.

रंगूबाईनं हात जोडले. मग ती ओरडली ते साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. "सोडली! देवानं खोळ सोडली!"

घटकाभरात अंगणात माणूस मावेना. साहेब मात्र बॅटरी घेऊन बंपरखाली उताणे झाले होते. तेलाच्या शेंदरानं इतकी वर्षं गंज येऊ दिला नव्हता. पट्टीवरचा आकडा न आकडा लखलखत होता. साहेब एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले आणि बाहेर लोक प्रत्येक आकड्याला मंत्रासारखी मान तुकवू लागले. एक लाख नऊ हजार आणि पुढं काही.

शेजारचा खेमा हिशेबी माणूस होता. तो म्हणाला, "म्हंजे हिच्या अगुदर लाखभर गाड्या निंगाल्या की! मंग पहिली कशी?"

"गिनतीच लाखापासून धरली होती," साहेब खालूनच ओरडले. "ही पहिल्या काही हजारांतली. एक्केचाळीस-बेचाळीसच्या हिवाळ्यातली. अस्सल!" बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. इंद्रभानचे दोन्ही हात हातात घेऊन ते म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. जपा हिला. स्क्रूसुद्धा बदलू नका."

एका माणसानं सांगितलं, ही अस्सल. दुसऱ्या बाजूनं देवानं सांगितलं, मी जागा आहे. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात, एकाच वेळी घडल्या. लोकांनी त्या वेगळ्या करण्याची तसदी घेतली नाही.

इंद्रभान हवेत तरंगत होता. रिसोडच्या पेंटरकडून त्यानं काचेखाली मोठ्या अक्षरांत नंबर लिहून घेतला. पुंजाजी स्वतः रिठदला आले, त्यांनी चपला बाहेर काढल्या, गाडीला हार घातला, वाकून पट्टी पाहिली आणि म्हणाले, "इवाई, अशी गाडी आमच्या सुनंच्या माहेरी हाये, हे आमचं भाग्य." इंद्रभाननं याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. आता विचारायचं काय राहिलं?

स्टँडावरचं वारं मात्र जरा निराळं होतं. लोक येत, गाडीला हात लावून तो कपाळाला नेत आणि शेजारच्या जीपमध्ये जाऊन बसत. इंद्रभान हाका मारून थकला. एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढली होती, तीही नंबर वाचून घेतल्यावर जीभ चावत उतरली. हेमसिंगनं चेष्टा कधीच सोडली होती, तो आता खऱ्या आदरानं समजावून सांगे. "इंद्रभानभाऊ, वडीलधाऱ्याच्या पाया पडा लागते. त्याच्या खांद्यावर बसता येते काय?" इंद्रभान मनाशी म्हणे, गेले उतारू तर गेले, माझी पोरगी बसली म्हणजे झालं.

वैशाखात लग्न लागलं. पंगती उठल्या, रडारड सुरू झाली आणि इंद्रभान नवा फेटा बांधून स्टिअरिंगच्या चाकामागं जाऊन बसला. गाडी झेंडूनं मढवली होती. शेजारच्या आसनावर त्यानं दुर्गासाठी बाजारातून आणलेली मऊ गादी घातली होती. त्यानं इंजिन सुरू केलं आणि वळून पाहिलं, तर पुंजाजी धावत येत होते.

"इवाई, हे काय करून राह्यले?"

"दुर्गाले आना ना. निंगू."

"देवाच्या गाडीत? सून बसवाची? पाय लागन तिचा, बाप्पा! आमाले पाप काहून लावता? हेमसिंगची जीप सांगतली ना म्या."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला हेमसिंगची जीप खरंच उभी होती. दुर्गाची भांडी तरी आपल्या गाडीत ठेवा म्हणावं, तर ती बैलगाडीत चढवून झाली होती. इंद्रभान गाडीतच उभा राहिला आणि साऱ्या वऱ्हाडापुढं ओरडला, "आरे, देव नाई त्यात! खोळ देवानं नाई सोडली. म्या पाडली! नाल्यातल्या धोंड्यांवरून आदळ आदळ आदळली गाडी, मंग पडली थे!"

सगळ्यांनी रंगूबाईकडं पाहिलं. म्हातारी शांतपणे म्हणाली, "अन् तुले आदळाची बुद्धी कोनं देल्ली?"

लोकांनी सुस्कारा सोडला. पुंजाजींनी तिथल्या तिथं हात जोडले. इंद्रभाननं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

दुर्गा आली. बापाच्या पाया पडली, त्याला बिलगून रडली. "बा, तुमी मागून या ना," ती म्हणाली, पण मागून जायला कोण देणार होतं? देवाची गाडी वरातीच्या मागून जाते होय? मग दुर्गा चार पावलं पुढं गेली, बंपरपाशी वाकली, पट्टीवर कपाळ टेकलं आणि हेमसिंगच्या जीपमध्ये जाऊन बसली. हेमसिंगनं गाडी सावकाश काढली. आपल्या गाडीची धूळ या गाडीवर उडू नये, याची त्यानं काळजी घेतली.

इंद्रभान पुन्हा चाकामागं जाऊन बसला. शेजारच्या गादीवर कुणा बाईनं हळदकुंकू वाहिलं होतं. जीप वळणावरून दिसेनाशी झाली, तसं चाकावर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. मांडवात राहिलेली मंडळी गाडीभोवती गोळा झाली. मग खेमानं डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हटलं, "भक्ती असावी तं अशी असावी, गड्या."