धाकटी झडप

"ते घड्याळ कोणी बंद करेल का जरा?" चेन्नईहून आलेले प्रभाकरन म्हणाले. "मघापासून टिकटिक, टिकटिक. लक्ष लागत नाही."

आमच्या मीटिंगच्या खोलीत घड्याळ नाही. कधीच नव्हतं. किशोरने, म्हणजे आमच्या तरुण मालकाने, तरीही चारी भिंतींकडे पाहून घेतलं. ज्याचं बालपण या कारखान्यात गेलं त्याला आवाज कसला ते कळलं नसेल? कळलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

"पूंगोदै, ट्रे ठेव तिथेच," तो म्हणाला. "आम्ही घेऊ कॉफी. तू जा."

पूंगोदै आमच्या कॅन्टीनची. जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. प्रभाकरनच्या कानाशी वाकून ती कॉफी ठेवत होती. ती निघाली तशी टिकटिकही दाराकडे निघाली, तेव्हा कुठे प्रभाकरननी मान वळवली.

"थांब गं," आमची सगळ्यात जुनी इंजिनिअर शिवकामीअक्का म्हणाली. "ये, माझ्याशेजारी बस."

"मॅडम, प्लीज," किशोर पुटपुटला.

"घड्याळ नाही ते, सार," अक्का प्रभाकरनना म्हणाली. "आपली झडप आहे. हिच्या हृदयात बसवलेली. तुम्ही जी बंद करायला आलाय ना, तीच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हृदयाच्या झडपा बनवणाऱ्या कारखान्यात पैसे घालायला आलेल्या माणसाला झडपेचा आवाज ओळखता येऊ नये, हे एक वेळ ठीक. पण मालकाला त्याची लाज वाटावी? मी वसुमती, तपासणी विभाग बघते. माझ्या शिक्क्याशिवाय इथून झडप बाहेर पडत नाही, म्हणून मी त्या मीटिंगला होते.

प्रभाकरन ओशाळले. "त्रास नाही होत आवाजाचा?" त्यांनी पूंगोदैला विचारलं.

"एकच होतो, सार," ती खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "नवरा दारूच्या दुकानात बसला की मागून जाऊन पकडता येत नाही. त्याला आधीच ऐकू येतं."

सगळे हसले. किशोर हसला नाही.

शिवकामीअक्काचे वडील कोईमतूरच्या पीळमेडू भागात पंपांच्या झडपा ओतायचे. पाणी वर गेलं पाहिजे आणि परत फिरता कामा नये, एवढंच झडपेचं काम. हृदयातही तेवढंच, फक्त तिथे पाना घेऊन कोणी आत उतरू शकत नाही. किशोरचे वडील रंगसामी नायडूही पंपवालेच. त्यांनी हृदयाच्या झडपा करायचं मनात घेतलं तेव्हा सगळ्या कोईमतूरने त्यांना वेड्यात काढलं. इंजिनिअर म्हणून एक पोरगी घेतली तेव्हा तर लोकांना हसायला आणखी एक विषय मिळाला. ती पोरगी म्हणजे अक्का.

झडप झाली. चांगली झाली. तिची मापं मात्र धडधाकट पुरुषांच्या छातीवरून काढलेली. मग एक दिवस सेलमच्या सरकारी इस्पितळातले डॉक्टर इनियन आले आणि त्यांनी आमचीच झडप टेबलावर ठेवली. "सगळ्यात लहान मागवली होती," ते म्हणाले. "बसली नाही. काथ्या वळणारी बाई होती, एवढीशी. तुमची झडप उत्तम आहे. बाई गेली."

त्या दिवसापासून अक्काची तरुणपणाची वर्षं एका मापापायी गेली. लोकांना वाटतं, मोठीची लहान केली की झालं. शर्ट आहे का तो? कडं जाड ठेवलं तर मध्ये रक्ताला वाट राहत नाही, बारीक केलं तर तुटतं. चाचणीच्या पाण्याच्या यंत्रात झडप रात्रंदिवस उघडमीट करते, खऱ्या हृदयापेक्षा कितीतरी वेगाने. तिथे एकामागून एक नमुना तुटत होता आणि अक्का तो तुकडा भिंगाखाली धरून तुटण्याची जागा बघत होती. अखेर एक तुटली नाही. आम्ही तिला धाकटी म्हणू लागलो. ती पहिली धाकटी यंत्रातून कोणी काढलीच नाही. आयुधपूजेला सगळी यंत्रं थांबवून त्यांना चंदन लावतात. त्या एका यंत्राला आम्ही चालू ठेवूनच चंदन लावायचो.

पूंगोदैला बसली ती धाकटीच. लहानपणी घसा धरून ताप आला, त्यात झडप नासली. अशा बायका आमच्या मुलखात गावोगाव आहेत. पोटभर न जेवता वाढलेल्या, म्हणून लहान चणीच्या.

"वर्षाला किती जातात?" प्रभाकरननी विचारलं.

"थोड्या," किशोर म्हणाला. "मोठ्या मापांवर सगळं चालतं. धाकटीला वेगळं यंत्र, वेगळे कारागीर, आणि विकते सरकारी इस्पितळात, पडेल भावाने."

"मग त्या पेशंटचं काय करायचं?" मी विचारलं.

"डॉक्टर आतली जागा मोठी करून घेऊ शकतात. तसं ऑपरेशन आहे."

"आहे ना," अक्का म्हणाली. "दुप्पट वेळ छाती उघडी ठेवायची. आपलं यंत्र वाचावं म्हणून तिचं हृदय कापून रुंद करायचं. हिच्याकडे बघून सांग किशोर, हिचं केलं असतं?"

पूंगोदै मांडीवरच्या हातांकडे बघत होती. किशोर कागद चाळत राहिला. मीटिंग संपायच्या आतच कळून चुकलं होतं की हे सगळं आधीच ठरलेलं आहे आणि आम्हाला शोभेला बसवलंय.

दोन दिवसांनी तो अक्काच्या टेबलाशी आला. लहानपणी याच टेबलाखाली तो आगगाडी चालवायचा आणि तिला अत्तै, म्हणजे आत्या, म्हणायचा.

"अत्तै, एवढी सही हवी होती."

अक्काने कागद वाचला. "मांडीवर बसायचास तेव्हा अत्तै. प्रभाकरनसमोर मॅडम. सही हवी असली की पुन्हा अत्तै. बरं आहे."

"नियम आहे म्हणून. उत्पादन बंद करताना डिझाइन करणाऱ्याची सही लागते."

"कारण काय लिहिलंयस? मागणी नाही?" तिने कागद त्याच्याकडे सरकवला. "फायदा नाही असं लिही, आत्ता सही करते. खोटं नको लिहूस. मागणी आहे. मागणाऱ्यांकडे पैसे नाहीत."

"तसं कसं लिहिणार?"

"मग तुझी तू कर."

त्याने दुसऱ्याची सही घेतली. सही करणारे मिळतात. माझाही त्या कागदावर शिक्का हवा होता. मी दिला नाही, तर तोही लागत नाही असं निघालं. पुढच्या आठवड्यात पाण्याचं यंत्र बंद झालं, कारण नव्या यंत्राला ती जागा हवी होती. बटण अक्कानेच दाबलं. यंत्र मोडीत काढताना त्यातल्या धाकटीवर भंगाराची चिठ्ठी लागली, आणि जिने ती घडवली तिला ती घरी न्यायची परवानगी मिळाली नाही. संताप आला की माझं डोकं दुखतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

शिल्लक धाकट्या चार महिन्यांत संपल्या. नाही म्हणे मागणी.

त्यानंतरची ही गोष्ट. दुपारी मी आणि अक्का तिच्या खोलीत जेवत होतो. पूंगोदै रसम वाढायला आली होती. डॉक्टर इनियनचा फोन आला. अक्काचा हात भाताचा, म्हणून तिने तो टेबलावरच ठेवून मोठ्या आवाजात लावला.

"शिवकामी, एक मुलगी आहे इथे," डॉक्टर म्हणाले. आवाज म्हातारा झाला होता. "धर्मपुरीची. विटांच्या भट्टीवरची. जागा मोठी करायचं ऑपरेशन तिला झेपणार नाही. धाकटी पाठव."

"डॉक्टर, ती बंद झाली."

"कागद आला होता माझ्याकडे. पण कपाटात कुठे एखादी राहिली असेल."

"नाही राहिली."

"नीट बघ गं."

"सगळं बघितलंय, डॉक्टर."

तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बाहेरची यंत्रंही थांबली. पूंगोदै अक्काच्या पानावर वाकलेली होती, फोनच्या अगदी वर, आणि त्या शांततेत तिची झडप स्वच्छ ऐकू येऊ लागली.

पलीकडे डॉक्टरांनाही तो ऐकू गेला. जन्म गेला होता त्यांचा तो आवाज ऐकण्यात.

"शिवकामी," ते म्हणाले, "ही धाकटीच ना? मला ऐकू येतेय. चालू आहे की एक तुझ्याकडे."

पूंगोदैने रसमाचं भांडं खाली ठेवलं. पदर ओढून घेतला, दोन्ही हात त्याच्यावरून छातीशी घट्ट धरले, आणि ती एकेक पाऊल मागे सरत भिंतीला जाऊन टेकली. तिथूनही आवाज येतच होता.

अक्का तिच्याकडे बघत होती. भाताचा हात पानावर तसाच होता.

"ती दिलेली आहे, डॉक्टर," ती म्हणाली.