भिंतीवरचा हत्ती

भूपेंद्रने बैठकीत अर्धी भिंत व्यापणारा टीव्ही लावला तो आपल्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, मोनालीसाठी. त्यात हत्तीचा एक खेळ होता. समोर उभं राहून हात वर केला की हत्ती ओंडका उचलायचा, खाली आणला की नावेत ठेवायचा. पोरीनं हट्टानं आजोबांना, देवाजींना, खेळायला उभं केलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

देवाजींनी चौतीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये खाली उभं राहून क्रेनला हातानं इशारे दिले होते. डोक्यावर वितळलेलं पोलाद आणि क्रेनवाल्याची नजर ह्यांच्या हातावर. अशा माणसापुढे हा हत्ती म्हणजे किस झाड की पत्ती! पहिल्याच दिवशी त्यांनी नातीचा विक्रम मोडला. बरं, मोडून गप्प बसावं की नाही? पण म्हाताऱ्याला चेव चढला होता.

"कोपर वाकवू नको, बेटा. अर्धा हात म्हणजे खोटा इशारा. खोट्या इशाऱ्यानं माणूस मरते."

पोर मान डोलवत राहिली. आठवड्याभरात खेळातल्या विक्रमांच्या यादीतली पहिली दहाही नावं देवाजींची झाली. मोनाली आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसू लागली.

"कावून गं वंदना, पोरगी रुसली काय?" जेवताना त्यांनी सुनेला विचारलं.

"रुसली नाई, बाबा. म्हणते, आबाजीले खेळू द्या, त्याईले मजा येऊन राहिली."

पोरीनं बोलावलं होतं सोबतीला, आणि आपण तिचं खेळणंच बळकावून बसलो, याची देवाजींना भारी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते हरायचंच ठरवून उभे राहिले. पण हात ऐकेनात. चुकवायचं म्हटलं तरी सरळच उठायचे. चौथ्या डावाला दात-ओठ खाऊन त्यांनी कोपर वाकवलं, तेव्हा कुठे ओंडका पाण्यात पडला.

"मोनाली, पाह्य, माझं लाकूड बुडालं. ये, आता तुझी बारी."

मोनाली दारात येऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"आबाजी, तुमी जानबूझके कोपर वाकवलं," ती म्हणाली. "खोटा इशारा दिला तुमी."

ती रागावली नव्हती. हातातली रंगपेटी सावरत ती आत गेली. पुढचा ओंडका उचलायला हत्ती सोंड पुढे करून थांबला होता, आणि देवाजींना हात वर करायचा धीर होईना.