आत्यासाठी हिरवी पट्टी

आमच्या आत्याला दिसत नाही, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षातच राहत नाही. खरंच सांगते! बाबा नवीन शर्ट घालून तिच्यासमोर उभे राहतात आणि विचारतात, "कसा दिसतो?" आणि ती पण अशी की लगेच, "रंग बरा आहे, पोट लपत नाहीये." लहानपणी दृष्टी गेली तिची, आता पन्नाशीला आली, आणि एकोणीस वर्षं ती ब्रेलच्या छापखान्यात काम करते. म्हणजे शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये करायची. आधी संगणकावर पुस्तकाचं रूपांतर, मग ते एका मशीनला पाठवायचं. मशीन जाड कागदावर ठिपके उठवतं, आणि उठवताना असा खडखडाट करतं की शेजारच्या खोलीतला माणूस स्वतःचं नाव विसरेल.

तर त्यांचं जुनं सॉफ्टवेअर मोडकळीला आलं आणि नवीन करायचं काम आमच्या ऑफिसला मिळालं. ऑफिस म्हणजे काय, सायकलच्या दुकानावर एक खोली आणि आम्ही चार जण. आत्याने तिच्या साहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं, "माझी भाची करतेय." आणि भाचीने केलं! तीन महिने राबून केलं. मी इतकी खूश होते, काय विचारू नका.

आणि सोमवारी आत्या घरी आली ती जेवली पण नाही नीट. आईने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा बाबांनी विचारलं, तेव्हा बोलली.

"गणिताचं पुस्तक तीन वेळा बंद पडलं. साहेब म्हणाले, ताई, तुमचा दोष नाही, पण रूपांतराचं काम आपण दिसणाऱ्या माणसाकडे देऊ. तुम्ही बाहेर बसा, फोन घ्या. शुक्रवारपर्यंत पुस्तक झालं तर ठीक. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून फोन."

बाबांचा घास तसाच हातात. मी म्हटलं, "बंद पडलं म्हणजे काय झालं नक्की?"

"मी बटण दाबलं आणि बोलका गप्प."

बोलका म्हणजे पडद्यावर जे आहे ते बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, आत्याने ठेवलेलं नाव आहे ते. "चार मिनिटं वाट बघितली. एक नाही दोन नाही. मला वाटलं मेलं. बंद केलं, परत लावलं."

आणि ते मेलं नव्हतंच! गणिताच्या पुस्तकाला बारा मिनिटं लागतात. पण मी ते सगळं काम प्रोग्रॅमच्या एकाच थ्रेडवर टाकलं होतं. थ्रेड म्हणजे समजा प्रोग्रॅमच्या आतला कामगार. जो कामगार खिडकी सांभाळतो, बटणांना ओ देतो, त्यालाच मी तीनशे साठ पानं वाचायला बसवलं. मग तो मान वर करून कुणाला उत्तर देणार? आत्या बिचारी हाका मारतेय, आणि तो पुस्तकात डोकं घालून बसलाय. आणि तिने तीनही वेळा चालू काम मारलं. चूक माझी, आणि फोनवर बसणार ती!

मी म्हटलं, "आत्या, शुक्रवार म्हणालीस ना? होईल."

"होईल म्हणू नकोस. कर."

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात. रूपांतराला दुसरा थ्रेड दिला, मागच्या खोलीतला कामगार म्हणा. आणि म्हटलं, नुसतं तेवढं नको, आता काम किती झालं तेही दिसायला हवं. म्हणून खिडकीत पट्टी टाकली. भरत जाणारी. पट्टीचा हिरवा मला आवडेना, मग दुसरा, मग तिसरा, मग कडा गोल केल्या... अर्धा दिवस गेला त्यात, खोटं कशाला बोलू. मग प्रोग्रॅम चालवला तर पहिल्याच पानाला लाल अक्षरात तक्रार, की ही पट्टी दुसऱ्या थ्रेडची आहे, तुम्ही हात लावू नका. मी इकडेतिकडे शोधलं, तर कळलं की एक ओळ लिहिली की ती तपासणीच बंद करता येते. लिहिली! चाललं! माझ्या संगणकावर पट्टी अशी सुळकन भरली की मी खुर्चीवर गोल फिरले.

छापखान्यात नेऊन लावलं, तर सदतीस टक्क्यांवर प्रोग्रॅम आडवा. खिडकीच गायब. आत्या म्हणाली, "आधी गप्प तरी व्हायचं. आता पळूनच गेलं."

बुधवारी मी मास्तरांसमोर लॅपटॉप ठेवला. मास्तर म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने, बेचाळीस वर्षांचे, पण आम्ही त्यांना असं वागवतो जसे काही ते नव्वदचे आहेत. त्यांनी ती एक ओळ बघितली आणि चष्माच काढला.

"तपासणीच बंद? तू पंचाला घरी पाठवलंस?"

"माझ्या मशीनवर चालत होतं, मास्तर."

"चालणारच. रोज थोडाच अपघात होतो. मला सांग, फलंदाज धाव काढतो, मग बॅट टाकून स्वतःच धावफलक बदलायला पळतो का?"

"नाही."

"का नाही?"

"फलकावर माणूस असतो."

"मग! तू दोघांना एका शिडीवर चढवलंस, आणि दोघांनी एकाच वेळी आकडा फिरवला. पडणारच. मागच्या थ्रेडने फक्त धावायचं. खिडकीच्या थ्रेडला चिठ्ठी पाठवायची, 'बाबा रे, इतकं झालं.' पट्टीला हात लावायचा तो फक्त त्याने, त्याच्या सवडीने."

इतकं सोपं! मी ती ओळ काढून टाकली, चिठ्ठ्यांची सोय केली, आणि यावेळी छापखान्यात न्यायच्या आधी घरीच स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. आत्याला बसवलं, बोलका सुरू केला. म्हटलं, "दाब बटण."

तिने दाबलं. आणि बोलका सुरू झाला.

"शून्य टक्के. शून्य टक्के. शून्य टक्के. शून्य टक्के. शून्य टक्के..."

मी प्रत्येक ओळीला एक चिठ्ठी पाठवत होते हो! अठरा हजार ओळी! खिडकीचा कामगार चिठ्ठ्यांच्या ढिगाखाली गाडला गेला, बटण दाबलं तरी ऐकेना, आणि बोलका म्हणजे नुसता पिसाळलेला. आई हातातलं भांडं ठेवून आली, "याला काय झालंय गं?" बाबा दुसऱ्या खोलीतून ओरडले, "एक टक्का झाला की कळवा!"

शेवटी मी लॅपटॉपच बंद केला. मला रडू यायचंच बाकी होतं. मी म्हटलं, "आत्या, अगं पण पट्टी बघ ना, पट्टी बरोबर भरत होती! किती छान भरत होती..."

आणि माझं वाक्य तिथेच थांबलं.

आई माझ्याकडे बघतेय. बाबा दारात येऊन उभे. आणि आत्या! आत्या हसायला लागली. आधी हळू, मग टेबलावर डोकं टेकून.

"कुठल्या रंगाची केलीस?" तिने विचारलं.

"हिरवी."

"गडद की फिकी?"

"मधली," मी म्हटलं, आणि मग मी पण सुटले. आम्ही सगळेच. बाबा तर डोळे पुसत होते.

मग हसू ओसरलं आणि मी पहिल्यांदा, म्हणजे तीन महिन्यांत पहिल्यांदा, जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा होता तो विचारला. "आत्या, तुला काय हवंय?"

तिने जरा विचार केला. "मला कुणी टक्के मोजून दाखवायला नकोत. टक्क्यांचं मी काय करू? पुस्तक माझ्या हाताखालून गेलेलं असतं, त्या बोलक्याला म्हणावं, मला पान सांग. आणि सारखं नको. मी विचारलं की सांग. बाकी वेळ गप्प बस. आणि गप्प असलास तरी जिवंत आहेस एवढं कळू दे मला. इतकंच."

"एक बटण दाबलं की पान नंबर?"

"पान आणि ओळ. मोठ्या पानावर किती वेळ अडकलाय ते ओळीवरून कळतं."

"आणि प्रत्येक पान झालं की एक हलका टक आवाज?"

"हलका हं. घड्याळासारखा. डोक्यात हातोडी नको."

"आणि पट्टी काढून टाकू?"

"राहू दे गं," आत्या म्हणाली, "साहेबांना काहीतरी बघायला लागेल ना."

गुरुवारी मी आणि मास्तर मिळून केलं. मागच्या थ्रेडने चिठ्ठ्या पाठवायच्याच नाहीत. कुठल्या पानावर, कुठल्या ओळीवर आहे ते एका ठरलेल्या जागी लिहून ठेवायचं आणि पुढे जायचं. खिडकीच्या थ्रेडने अर्ध्या सेकंदाला एकदा तिथे डोकावायचं, पट्टी सरकवायची, पान बदललं असेल तर टक वाजवायचा. आणि आत्याने बटण दाबलं तरच बोलायचं. कुणी कुणाच्या शिडीवर नाही, कुणी कुणाच्या कानात ओरडत नाही. मास्तरांनी छापखान्यातला जुना संगणक मागवून घेतला आणि त्याच्यावर पुस्तक चार वेळा चालवलं. माझ्या मशीनवर नाही! तेवढी अक्कल आली होती मला.

शुक्रवारी अकरा वाजता साहेब आले. साहेब वाईट माणूस नाहीत हं, उलट मऊच आहेत. पण घाईत असतात. गणिताच्या पुस्तकासाठी शाळेतून रोज विचारणा होत होती, परीक्षा जवळ आलेली. टेबलावर आत्याच्या बदलीचा कागद टाइप करून तयार होता, सही बाकी. मी भिंतीला चिकटून उभी.

आत्याने बटण दाबलं आणि खुर्चीत मागे टेकून कप उचलला. टक. टक. टक. मधेच तिने बटण दाबलं. "पान एकशे बारा, ओळ सहा." तिने मान हलवली आणि साहेबांना त्यांच्या मुलीची तब्येत विचारली! साहेब उत्तर देतायत, पण नजर पडद्यावर. पट्टीवर. पट्टी सरकतेय तसे साहेब खुलतायत.

एकाहत्तर टक्के. आणि पट्टी थांबली.

टक पण थांबला.

दहा सेकंद. वीस. साहेब पुढे वाकले. "ताई, हे बंद पडलं." मी मनात चार वेळा सगळा कोड वाचून काढला. चाळीस सेकंद. साहेबांनी माउसला हात घातला. "बंदच पडलंय, परत लावू या, उगाच वेळ..."

"साहेब, हात काढा," आत्या म्हणाली.

असं म्हणाली ना, की मी पण हात मागे घेतले, जे कुठे नव्हतेच.

तिने बटण दाबलं. "पान दोनशे सत्तावन्न, ओळ नऊ." पाच आकडे मोजावेत तितकी थांबली, परत दाबलं. "पान दोनशे सत्तावन्न, ओळ अकरा."

"चालतंय," ती म्हणाली. "इथे लघुगणकाचे तक्ते आहेत. सगळं पान आकड्यांचं. एवढा वेळ लागणारच, दोन पानं अजून आहेत अशी. तुम्ही बसा ना, उभे का?"

साहेब बसले. खरंच बसले! पट्टी अजून जागच्या जागी होती, आणि ते आता पट्टीकडे बघतच नव्हते, आत्याकडे बघत होते. मग टक. थोड्या वेळाने टक. आणि मग जी धाव सुटली ती थेट शेवटापर्यंत, आणि पलीकडच्या खोलीत मशीनने खडखडाट सुरू केला. मी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलेलं नाहीये.

पहिले कागद आले तसे आत्याने बोटं फिरवली, मधेच थांबली, परत फिरवली. "बरोबर आहे," ती म्हणाली. बस, एवढंच.

साहेबांनी तो बदलीचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. मग जरा अडखळत म्हणाले, "मग ताई... फोन कोण घेणार?"

"तुम्ही घ्या की. आवाज चांगला आहे तुमचा."

साहेब इतके मोकळेपणाने हसले की मशीनच्या आवाजातही ऐकू आलं. जाता जाता म्हणाले, "सोमवारी विज्ञान पाठवतो. तुमच्याकडेच."

ते गेले आणि मी आत्याला मिठीच मारली. तिने माझी पाठ थोपटली, दोनदा, आणि लगेच सोडलं.

"विज्ञानात आकृत्या असतात," ती म्हणाली. "आकृत्यांचं काय करणार आहेस तू?"

"आत्या! आज शुक्रवार आहे! जरा श्वास तरी घेऊ दे!"

"घे ना. घेता घेता सांग."

मी खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसले, आणि म्हटलं, "आधी तू सांग. बोटांना आकृती कशी आलेली आवडेल तुला?"