छापखान्याचे खिळे

येडू बंडगरनं बंदुकीत खिळे भरले, तिथून सगळं सुरू झालं.

बंदूक ठासणीची होती, बापाच्या वेळची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी घालायची, गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी चढवायची आणि चाप ओढायचा. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत हरीण पुढच्या गावाला पोचायचं. परवाना पीकसंरक्षणाचा होता आणि पीक म्हणजे सीनेकाठच्या हिरेवाडीतली चार एकर ज्वारी. एकोणीसशे सव्वीस सालच्या कार्तिकात ती पोटरीत आली आणि माळावरचा हरणांचा कळप रोज पहाटे तिच्यात उतरू लागला. कोवळं कणीस खायचं, उरलेलं तुडवायचं आणि उन्हं तापायच्या आत निघून जायचं, असा त्यांचा नेम. दहा दिवसांत पाव एकर साफ झालं.

नेमकं तेव्हाच घरातलं गोळ्या ओतायचं शिसं संपलं होतं. येडूनं बैलाच्या पत्रीचे, म्हणजे नालाचे, सात खिळे नळीत घातले आणि बार काढला. एका मादीला तीन लागले, एक मागच्या पायात, दोन पोटात. मादी पळाली. तिसऱ्या दिवशी ती रेवणसिद्धाच्या देवस्थानच्या जमिनीत, विहिरीपाशी मेली.

विरुपाक्ष पाटलांनी येडूला चावडीवर बोलावलं. पाटील लिंगायत, रोज सकाळी त्याच विहिरीवर आंघोळ करून देवाला जाणारे. त्यांनी कागदाची पुडी सोडून तीन खिळे येडूपुढं ठेवले.

"काय रे येडू, पत्री बैलाला मारतात का हरणाला?"

चावडीवरचे लोक हसले. येडू हसला नाही.

"पाटील, शिसं सपलं हुतं."

"शिसं संपलं तर बंदूक खुंटीला टांगायची. तीन दिवस वरडत हुतं ते, देवाच्या दारात. मी जीव मारत न्हाई, खात न्हाई. पण तुझं पीक तू राख, त्याला माझी हरकत न्हाई. मारायचं तर पुरतं मार. अर्धं मारून माझ्याकडं धाडू नको."

"चूक झाली, पाटील."

"डिसेंबर अखेरीला परवाना नवा करायचा हाय. अर्जावर शेरा मी लिहिणार. तवर आणखी एक जखमी जनावर माझ्या शिवारात आलं, तर काय लिहायचं ते मला ठाऊक हाय."

महिनाअखेरीला बावीस दिवस होते. बंदूक गेली तर ज्वारी गेली, आणि ज्वारी गेली तर वर्षभर भाकरी विकतची. बंदूक वापरायची आणि जनावर जखमी होऊ द्यायचं नाही, एवढीच वाट उरली होती. त्यासाठी गोळी धड पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी येडू सोलापूरला गेला. बायकोनं, कस्तुराबाईनं, विणलेली धाबळी वेणीमाधव काकांच्या घरी पोचवायची होतीच. त्यांची आई मथुराबाई सोवळ्यात लोकरीचं नेसायची आणि दर दोन वर्षांनी धाबळी बंडगरांच्याच घरची घ्यायची. येडू आधी नव्या पेठेत बंदुकीच्या दुकानात शिरला. दुकानदारानं छर्रे काढले.

"ह्ये पाखरांना," येडू म्हणाला. "हरणाला नुसती खाज सुटंल."

मग दुकानदारानं लांबट, टोकदार गोळ्यांची पेटी उघडली. साहेब लोक याच नेतात, म्हणाला. येडूनं एक गोळी बोटात धरून फिरवली. त्याच्या बंदुकीची नळी आतून साधी, गुळगुळीत होती. तिच्यात गोळीला फिरकी देणारे आटे नव्हते. अशी लांब गोळी तिच्यातून सुटली की हवेत कोलांट्या खाणार, हे बाप सांगून गेला होता. गोल गोळ्याही होत्या, चांगल्या होत्या, पण डझनाच्या भावात एक कोकरू गेलं असतं. येडूनं पेटी परत सरकवली.

वेणीमाधव एका छापखान्यात जुळारी होते. दिवसभर उभं राहून एकेक अक्षर उचलायचं आणि ओळी जुळवायच्या, हे त्यांचं काम. धाबळी आईच्या हवाली करून त्यांनी येडूचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं.

"एवढंच ना? आमच्याकडे झिजलेले खिळे पोतंभर पडलेत. मालकाला सांगतो. दोन-चार शेर असेच देईल."

येडूनं हात जोडले. "काका, खिळ्याचं नाव नगा काढू."

"का रे?"

"खिळ्यानंच तर घात केला."

"अरे, हे आमचे खिळे."

"कुणाचं बी असू द्या की. पाटील मला गावात ठेवायचं न्हाईत."

आतून मथुराबाई हसल्या. "वेण्या, तो बैलाच्या खिळ्यांचं म्हणतोय. तू छापखान्याच्या खिळ्यांचं म्हणतोस. दाखव तरी त्याला, म्हणजे दोघंही एका गावात याल."

वेणीमाधवांनी खिशातून एक खिळा काढून येडूच्या तळहातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढी राखाडी कांडी, आणि तिच्या डोक्यावर उठावाचं अक्षर.

"ह्ये अक्षर हाय!" येडू म्हणाला. "पर उलटं दिसतंय. मला वाचाय येत न्हाई, पर उलटं सुलटं कळतंय."

"उलटंच असतं. कागदावर सुलटं उमटतं. हा 'क'."

"आन् ह्ये चुलीवर वितळवू म्हंता? सरस्वती कोपंल की."

"झिजलं की आम्हीही वितळवतोच. त्यातूनच नवं अक्षर ओततात. सरस्वती कोपणारी असती तर आमचा मालक कधीच मुका झाला असता. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं म्हणा."

"पर शिसंच हाय न्हवं ह्ये?"

"बरंचसं शिसं. त्यात थोडं कथील आणि सुरमा, अँटिमनी म्हणतात तो धातू. नुसतं शिसं मऊ. दोन दिवसांत अक्षर चेपलं असतं. सुरम्यानं ते कडक होतं आणि साच्यात थंड होताना फारसं आकसत नाही. म्हणून तर कडा अशा रेखीव येतात."

येडूनं मान डोलावली. त्याच्या डोक्यात 'कडक' एवढाच शब्द राहिला.

दोन शेर खिळे घेऊन तो घरी आला आणि त्याच संध्याकाळी गोळ्या ओतायला बसला. बापाचा साचा सांडशीसारखा होता, दोन पाळ्यांचा. पळीतून वितळलेला रस ओतायचा, क्षणभर थांबायचं, पाळ्या उघडायच्या की चकचकीत गोल गोळी राखेत पडायची. वीस गोळ्या झाल्या. येडूनं एक कस्तुराबाईच्या हातात दिली.

"बघ, दगडावानी कटीण हाय. आता कुटं जातंय हरीण."

तिनं गोळीवर नख ओढलं. खूण उमटली नाही. "कटीण तर लोकंड बी हुतं. त्यानं काय केलं?"

"लोकंडाचं येगळं. ती वाकडीतिकडी खिळी. ही गोल हाय."

"बरं. घाल बघू नळीत."

येडूनं चिंधीत गुंडाळून गोळी नळीच्या तोंडाशी ठेवली आणि गज दाबला. गोळी दोन बोटं गेली आणि अडकली. ओढून काढताना त्याच्या कपाळाला घाम आला. साचा शिशासाठी केलेला. शिसं थंड होताना आकसायचं आणि चिंधीला जागा सोडायचं. ही गोळी आकसलीच नव्हती. वेणीमाधवांचं अर्धं बोलणं येडूला आता आठवलं.

"बिनचिंधीची घालतो," तो म्हणाला.

"आन् बिनचिंधीची गेली तर कुटं जाईल, सांगता येतंय?"

"न्हाई."

"मग आधी हरणाला इचारून ये, कुटं हुबं ऱ्हातोस म्हून."

बोलता बोलता तिचं लक्ष कोंबड्यांच्या खुराड्याकडं गेलं. खुराडं म्हणजे होटगी स्टेशनवरच्या मल्लप्पा चहावाल्याकडून आणलेली चहाची रिकामी पेटी होती. तिला आतून राखाडी पत्रा लावलेला होता, चहाला ओल लागू नये म्हणून. कोंबड्या हाकलून कस्तुराबाईनं पत्र्याचा एक कोपरा सोलला. तो कागदासारखा दुमडला. तिनं नख ओढलं आणि नांगराच्या तासासारखी खोल रेघ उठली.

"ह्ये शिसं न्हाई तर काय हाय?"

येडूनं पत्रा हातात घेऊन दुमडून पाहिला. बंदूक या घरात, शिसं या घरात, आणि तो सोलापूरभर हिंडून आला होता.

"कोंबड्यास्नी ठावं हुतं," ती म्हणाली. "पर त्यास्नी कोन इचारतंय."

एका पेटीच्या पत्र्यात आठ गोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी येडू तांब्याभर दूध देऊन मल्लप्पाकडून आणखी तीन पेट्यांचे पत्रे घेऊन आला. लोकर तोलायच्या ताजव्यात कस्तुराबाईनं एका पारड्यात अक्षरांच्या दहा गोळ्या टाकल्या, दुसऱ्यात पत्र्याच्या दहा. अक्षरांच्या गोळ्या दिसायला जरा मोठ्या, तरी पत्र्याचं पारडं खाली गेलं.

पण जड आहे म्हणून चांगली, असं मानायला ती तयार नव्हती. दारू मोजकीच होती, पाच बारांची चैन तेवढी परवडणार होती. तिनं एक जुनी फाटकी घोंगडी भिजवून आठ पदरी दुमडली आणि बांधाला टेकवून उभी केली. येडूनं साठ पावलं मोजली.

अक्षराची पहिली गोळी, बिनचिंधीची, घोंगडीला लागलीच नाही. दुसरी लागली आणि आठही पदर भेदून बांधात घुसली. येडूनं ती उकरून काढली. गोळी साच्यातून आत्ताच पडल्यासारखी होती, आणि आठव्या पदराचं भोक पहिल्या पदराएवढंच.

पत्र्याची गोळी शेळीच्या चरबीत माखलेल्या मांजरपाटाच्या चिंधीत गुंडाळली. ती हाताच्या सरळ दाबानं शेवटपर्यंत उतरली. एक बार, दुसरा बार. दोन्ही गोळ्या घोंगडीत वीतभर अंतरावर लागल्या. कस्तुराबाई एकेक पदर उलगडू लागली. पहिल्या पदरात तिचं एक बोट गेलं. तिसऱ्यात दोन. पाचव्यात तीन. सातव्या पदरात गोळी सापडली, ढब्बू पैशासारखी चपटी.

"बघ," ती म्हणाली, "कटीण गोळी म्हंजी घाईतला पाव्हणा. म्होरच्या दारानं आत, मागल्या दारानं भाईर. मऊ गोळी घरात बसून जेवून जाती."

पाचवा बार येडूनं ऐंशी पावलांवरून काढला. गोळी घोंगडीच्या खाली हातभर जमिनीत गेली. मग त्यानं ज्वारीच्या कडेला, आपल्या बसायच्या जागेपासून साठ पावलांवर चुन्याचा एक दगड ठेवला. त्याच्या पलीकडं चाप ओढायचा नाही.

नियम करणं सोपं होतं. पहिल्या पहाटे कळप आला आणि दगडाच्या पलीकडं शंभर पावलांवर चरून गेला. दुसऱ्या पहाटेही तेच. कणसं मोडल्याचा आवाज येडू ऐकत बसला. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं, दगड सरकवावा. त्यानं हात बगलेत दाबून धरले. चौथ्या पहाटे थोडं धुकं होतं. कळपातला काळा नर, पीळदार शिंगांचा, चरत चरत दगड ओलांडून आत आला. पंचावन्न पावलं असतील. नर आडवा झाला. पुढच्या पायाच्या मागं नेम धरून येडूनं चाप ओढला.

ठासणीच्या बंदुकीचं एक आहे, बार काढणाऱ्याला काहीच दिसत नाही. समोर सगळा पांढरा धूर झाला. तो विरला तेव्हा नर जागेवर नव्हता. खाली रक्त होतं, आणि रक्ताची वाट देवस्थानच्या बांधाकडं जात होती.

येडूनं बंदूक खांद्यावर टाकली. तो त्या वाटेनं गेला. बांधावरून पलीकडं पाहिलं तर विहिरीपाशी विरुपाक्ष पाटील ओल्या धोतरानं उभे होते आणि त्यांच्यापासून दहा हातांवर नर पडला होता.

येडू बांधावरच थांबला. पाटलांनी आधी नराकडं, मग त्याच्याकडं पाहिलं.

"किती बार काढलास?"

"येकच."

"मी बी एकच ऐकला. हातातला तांब्या ठेवला आन् वळून बघतोय तर हे बांधावरनं उडी मारून आलं. दहा-बारा पावलं आलं. मग पाय दुमडले आन् बसलं, गाय बसते तसं. तोंडात पाणी सोडायला सुदिक मला येळ दिला न्हाई, डोळं मिटलं."

"वरडलं का?"

"न्हाई."

येडू बांधावरून खाली उतरला. "पाटील, शिवार तुमचंच हाय, ते ठावं हाय मला."

"हाय की. म्हणून पुजारी यायच्या आत उचल. रगत पडलंय तिथं माती टाक, आन् त्यावर पाणी मार." पाटलांनी पाठ फिरवली. "काय भरलं हुतंस ह्या येळी?"

"चहाच्या पेटीचा पत्रा."

पाटील वळले. चेष्टा चाललीय का, ते त्यांनी येडूच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. मग येडूनं सगळं सांगितलं, घोंगडीसकट.

"आपल्या गावातल्या ज्ञानूकडं बी बंदुकीचा परवाना हाय," पाटील म्हणाले. "तो काय भरतो?"

"गारगोट्या."

"त्याचा बी शेरा मलाच लिहायचा हाय. आज दुपारी त्याला तुझ्याकडं धाडतो. शिकीव. न्हाई शिकला तर मला सांग."

सत्तावीस तारखेला चावडीवर पाटलांनी येडूच्या अर्जावर शेरा लिहिला आणि कागद कुलकर्ण्यांकडं सरकवला. कुलकर्ण्यांनी शाई वाळवली आणि येडूला वाचून दाखवलं: "परवानेदार यांस पिकाचे रक्षणार्थ बंदुकीची जरूर आहे. वापर समक्ष पाहिला. नूतनीकरणास हरकत नाही."

"पुन्हा वाचा," येडू म्हणाला.

कुलकर्ण्यांनी पुन्हा वाचलं.

"त्यात कुटं 'जखमी' आसं हाय का?"

"नाही बाबा."

"मग द्या शाई," येडू म्हणाला आणि त्यानं अंगठा पुढं केला.