मामंजींचा हिरवा

मार्तंडराव कर्णिक रिटायर झाले तेव्हा गिरणीने त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी मुलाला, विद्याधरला, देऊन टाकलं आणि स्वतःसाठी क्रॉफर्ड मार्केटातून काचेची पेटी नि सहा एंजल मासे आणले. घाटकोपरच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा पुरत नव्हती, पण बोलणार कोण? चाळीस वर्षं गिरणीच्या रंगखात्यात रंगमास्तर होते ते. आनंदी, चिंतामणी, मोरपंखी... छटा कुठलीही असो, कापड नुसतं उजेडात धरून सांगायचे, की यात निळा किंचित जास्त झाला. गोरे साहेबसुद्धा त्यांच्यापुढे कापड धरून गुमान उभे राहायचे, तिथे सुनेची काय कथा!

सून म्हणजे जयंती. तिची पाण्याबद्दल तक्रार नव्हती. नळाला तानसा तलावाचं पाणी यायचं, अगदी हलकं. डाळ चटकन शिजायची, साबणाला फेस उदंड. मार्तंडराव मात्र म्हणायचे, "हलकं पाणी म्हणजे हलक्या कानाचं माणूस गं. अंगात क्षार नाहीत, म्हणजे स्वतःचा जोर नाही. माशांचे चार दाणे जास्त पडले की लागलं आंबायला. त्याचा पी.एच. सातावर धरून ठेवायचा म्हणजे खायचं काम नाही."

ते काम रोज सकाळी साडेसातला, खिडकीत. परीक्षानळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, त्यात रंगखात्यातून ओळखीने आणलेल्या औषधाचे तीन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर आंबट. मग पेटीत चिमूटभर खायचा सोडा. निळं झालं तर सोडा जास्त झाला. मधला हिरवा आला की सात. शेजारचे बाळ गुप्ते एकदा म्हणाले, "तळाला मूठभर शिंपले टाका की, पाणी आपोआप ताळ्यावर राहतं." मार्तंडराव हसले. "शिंपल्यांनाच कळत असेल तर मी कशाला आहे?"

दीड महिन्यात चार मासे मेले.

एक मेला की मार्तंडराव निम्मं पाणी बदलायचे. की पुन्हा पिवळं, की पुन्हा सोडा. चौथा मेला तेव्हा त्यांना गुन्हेगार सापडला. "भांडी घासलेले हात घालतेस पेटीत," ते जयंतीला म्हणाले, तेही गुप्त्यांसमोर. तिने जन्मात त्या पाण्याला बोट लावलं नव्हतं. विद्याधर म्हणाला, "जाऊ दे ना, म्हातारं माणूस." नवरे असंच म्हणतात. जयंतीला माशांचं दुःख नव्हतं, खोटं कशाला बोला. पण न केलेल्या पापाचा ठपका तिला सहन होईना. त्यात सासऱ्यांनी सांगूनच टाकलं, "हे दोन गेले तर तुझ्या हातचं पाणी पिणार नाही मी."

आणि चार दिवसांनी त्या दोघांतला एक सकाळी आडवा झाला. मार्तंडरावांच्या एका हातात जाळी, दुसऱ्यात नळी. त्यांनी थेंब टाकले आणि नाइलाजाने नळी तिच्या हातात दिली. "धर. पिवळं आहे. सोडा आण पटकन."

जयंतीने बघितलं. नळीत दूर्वांसारखा हिरवागार रंग होता. तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. तिने मुकाट्याने सोडा आणून दिला. त्यांनी पेटीत तो घातला, ढवळला, नळीत पेटीतलं पाणी नव्याने घेऊन पुन्हा तीन थेंब टाकले. नळी निळी झाली. स्वच्छ निळी.

"आला बघ हिरवा," मार्तंडराव म्हणाले. "झकास."

सुटले गं बाई, हे जयंतीच्या मनात आधी आलं. साबण नाही, हात नाहीत, सगळा सोड्याचा पराक्रम. मग तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतका समाधानी माणूस तिने त्या घरात पाहिला नव्हता. तेवढ्यात उरलेला मासा पाण्यावर येऊन आ वासायला लागला.

"मामंजी, हा निळा आहे."

"काय?"

"मघाचा हिरवा होता. हा निळा आहे."

"चाळीस वर्षं, जयंती! चाळीस वर्षं मी—"

ती आत गेली आणि वाटीत पाणी घेऊन आली. "याचा रंग सांगा."

त्यांनी वाटी खिडकीत धरली, तिरकी केली, डोळ्यांजवळ आणली. "हिरवट. जरा मळका. काय आहे हे?"

"नीळ आहे. धुण्याची."

मार्तंडराव खाटेवर बसले. त्यांनी डावा डोळा झाकून बघितलं, मग उजवा. जयंती वाट बघत होती. निदान एवढं तरी म्हणतील, की तुझी चूक नव्हती.

"काशीराम," ते म्हणाले.

"कोण काशीराम?"

काशीराम त्यांच्या हाताखालचा रंगारी, वीस वर्षांचा पोरगा. मार्तंडरावांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्याने निळ्या रंगाचा ताका काढला, आणि मास्तर म्हणाले, हिरव्यावर मारतोय. पुन्हा काढला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काशीराम म्हणाला, मास्तर, बाहेर उन्हात या आणि बघा, निळाच आहे. "मला रंग शिकवतोस?" असं म्हणून मार्तंडरावांनी साहेबांकडे चिठ्ठी पाठवली, आणि काशीराम घरी बसला. हे सगळं ते वाटीकडे बघत सांगत होते. घरात कुणालाच त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"मोतीबिंदू असेल," जयंती म्हणाली. "आज डॉक्टरांकडे जाऊ."

"डॉक्टर कुठे पळून जातोय? काशीराम साकीनाक्याला राहतो. जाताना त्या कापडाचा तुकडा कापून घेऊन गेला होता, माझ्यादेखत. ठेवला असेल त्याने. नक्की ठेवला असेल. तू बघून सांग मला."

"मी?"

"मग काय मी बघू?" मार्तंडराव खेकसले. मग टोपी घालता घालता हळू म्हणाले, "चल ना गं."

जयंतीने शेगडीवरचं भांडं उतरवलं, गुप्त्यांच्या बायकोला उरलेल्या माशाकडे बघायला सांगितलं आणि चपला घातल्या. जिन्यात मार्तंडराव तिसऱ्या पायरीवर थांबले.

"तो तुकडा हिरवाही निघेल कदाचित," ते म्हणाले. "नाही का?"

पुढची पायरी त्यांना दिसत नव्हती, म्हणून जयंतीने त्यांचा हात धरला.