कुणाच्याच तोंडात नसलेला दात

मी एक दात बोलतोय. घाबरू नका, मी कुणाच्या तोंडातून पडलेलो नाही. मी कधी कुणाच्या तोंडात बसलोच नाही.

दाताच्या दवाखान्यात गेला असाल तर तुम्ही मला पाहिलं असेल. डॉक्टर खणातून एक पट्टी काढतात. तिच्यावर ओळीनं दात लावलेले असतात, एका टोकाला पांढरेशुभ्र आणि दुसऱ्या टोकाला पिवळट, करडे. तिला शेड गाईड म्हणतात. नवा दात करायचा झाला की आमच्यातला एकेक जण माणसाच्या दाताशेजारी धरायचा आणि रंग जुळवायचा, एवढंच आमचं काम. त्या ओळीत मधल्याच्या जरा पलीकडचा, पिवळ्या बाजूचा, तो मी.

‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ असं माणसं म्हणतात. मी निव्वळ दाखवायचा. जन्मात एक घास चावलेला नाही.

माझा जन्म भट्टीतला. पांढऱ्या भुकटीत चिमूटभर रंग मिसळला, साच्यात घातला आणि भाजून काढला. कारखान्यातल्या एका बाईनं मला खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, मान वाकडी करून पाहिलं आणि “हं, हा बरोबर आहे,” म्हणाली. नंतर माझ्या पाठीवर एक अक्षर आणि एक आकडा उमटला. तेच माझं नाव.

तिथून मी आलो तो थेट या दवाखान्यात. पहिला मजला, खाली चष्म्याचं दुकान, रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी. डॉक्टरीणबाई मनानं चांगल्या, हातानं हलक्या, पण कायम घाईत.

इथे राहून मला माणसांच्या खोडी कळल्या. वर्षभर ब्रशकडे ढुंकून न बघणारा माणूस दवाखान्यात येताना मात्र खसाखसा दात घासून येतो. “गोड खाता का?” असं विचारलं की सगळे आधी छताकडे बघतात. आणि शेड गाईड पुढे धरली की प्रत्येकाचं बोट त्या टोकाच्या पांढऱ्याशुभ्र दातावर जातं. आमच्या ओळीतला तो लाडका लेक. माझ्याकडे बोट दाखवलेलं कधी आठवत नाही. “हा नको,” म्हणताना दाखवलेलं सोडून.

एक दिवस एक आजी आल्या. सोबत आजोबा आणि सून. आजी खुर्चीत बसल्या त्याच मुळी तोंडावर हात ठेवून.

“काय त्रास होतोय, आजी?”

“मला कसला त्रास?” हाताआडून आवाज आला. “हिनं आणलंय मला. हिलाच विचारा.”

आवाज ऐकून मी चकित झालो. काय गोड आवाज! डॉक्टरीणबाईंनीही मान वर केली.

“आई, हात काढा ना. डॉक्टरांना दिसायला नको का?”

“दिसेल गं. घाई काय आहे?”

“घाई नाहीच,” कोपऱ्यातून आजोबा म्हणाले. “चाळीस वर्षं संसार झाला, अजून मलाही हिचा चेहरा नीट दिसलेला नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत ही अशी तोंड मिटून उभी आहे, की लोक मला विचारतात, मुलीला तुम्ही पसंत नव्हता का?”

आजी हसल्या. हसताना दुसराही हात तोंडावर गेला.

शेवटी हात खाली आला. वरच्या ओळीतला समोरचा एक दात काळपट-करडा होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या तेव्हा त्याला मार बसला, आतून तो मेला आणि हळूहळू काळा पडत गेला. शाळेत मुली चिडवायच्या. आई म्हणायची, “हसतील त्यांचे दात दिसतील, तू लक्ष देऊ नकोस.” पण त्या दिवसापासून आजींनी आपलेच दात दिसू दिले नाहीत. नोकरीसुद्धा शोधली ती टेलिफोनच्या कचेरीतली. नंबर जोडून द्यायचा, गोड बोलायचं, समोर बघणारं कुणी नाही. लोक खास आजींचा आवाज ऐकायला फोन फिरवायचे, असं आजोबा अभिमानानं सांगत होते. स्वतः तेही त्यातलेच एक.

“मग इतकी वर्षं चाललं, तर आत्ताच का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सून हळू आवाजात म्हणाली, “माझ्या मुलीला ऐकू कमी येतं. पाच वर्षांची आहे. दोन्ही कानांत यंत्रं आहेत, पण तेवढ्यावर भागत नाही. ती समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखते.”

“आणि माझ्याकडे येत नाही,” आजी एकदम म्हणाल्या. “सगळ्यांकडे जाते. दूधवाल्याशीसुद्धा गप्पा मारते. मी गोष्ट सांगायला घेतली की उठून जाते. मला वाटायचं, पोरीला मी आवडतच नाही. तेव्हा ही मला म्हणाली...”

“मी म्हटलं, आई, तिला तुम्ही हव्या आहात हो. पण तुमचं बोलणं तिला दिसत नाही.”

आजींनी खाली बघितलं. “ज्या आवाजावर जन्म काढला, तो माझ्या नातीच्या काही कामाचा नाही. आता हे तोंडच उघडं करायला पाहिजे. करा काय करायचं ते.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि नीट समजावून सांगितलं. वरून औषध लावून हा दात उजळणार नाही, कारण काळेपणा आतला आहे. आतून औषध भरून उजळवता येतो, पण या दाताला आडवी चीर गेली आहे, तो फार टिकायचा नाही. पुढच्या बाजूनं नखाएवढा पातळ पापुद्रा चिकटवतात, त्याला व्हिनिअर म्हणतात, पण त्यातून खालचं काळं डोकावेल. तेव्हा आधी रूट कॅनल करायचं, मग दात थोडा घासून वर कॅप बसवायची.

“कॅप म्हणजे टोपीच ना?” आजोबा म्हणाले. “इथे माझ्या टकलाला मिळेना, आणि हिच्या दाताला टोपी!”

मग खणातून आम्ही बाहेर आलो. डॉक्टरीणबाईंनी मला आजींच्या चांगल्या दाताशेजारी धरलं. अगदी जुळलो. सख्खा भाऊ शोभलो असतो.

आजींनी आरशात पाहिलं आणि नाक मुरडलं. “हा? हा तर जन्मभर चहा प्यायलेला दिसतोय!”

“तुमचे बाकीचे दात याच रंगाचे आहेत, आजी.”

“असतील. पण एवढं सगळं करायचं, तर पांढरा नको का? हा बघा, हा टोकाचा.”

“तो एकटाच चमकेल.”

“चमकू दे की! इतकी वर्षं काळा होता, आता थोडं चमकला तर काय बिघडलं?”

बराच वेळ वाद झाला. बाहेर दुसरे पेशंट खोळंबले होते. “बरं, रंगाचं शेवटी बघू,” असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला खणात टाकलं.

हे ‘शेवटी बघू’च नडलं.

रूट कॅनल पार पडलं. मग कॅपसाठी दात घासून लहान करायचा दिवस आला. आजींचं तोंड बराच वेळ उघडं, ओठांना चिमटा, आत वाऱ्याचा झोत. दात असा कोरडा पडला की पांढरट दिसायला लागतो. थोड्या वेळानं पुन्हा ओला झाला की आपल्या मूळ रंगावर येतो. म्हणून रंग जुळवायचा तो सगळ्यात आधी, दात ओले असताना. डॉक्टरीणबाईंना हे काय ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी काम संपल्यावरच त्यांना आमची आठवण झाली. वरचा मोठा दिवा लावलेला होता. त्यांनी मला शेजारी धरलं. आजींचे ते कोरडे पडलेले दात माझ्यापेक्षा कितीतरी उजळ दिसत होते.

“अरे, हा काळपट दिसतोय की,” असं म्हणून त्यांनी माझ्या अलीकडचा, उजळ दात उचलला आणि दात बनवणाऱ्या लॅबला फोन करून त्याचा नंबर सांगितला.

मला ओरडावंसं वाटलं, ‘थांबा, घोटभर पाणी पिऊ द्या त्यांना!’ पण दात असून मला बोलायला तोंड नाही.

कॅप आली. डॉक्टरीणबाईंनी ती आधी कच्च्या सिमेंटनं बसवली. आजींनी आरसा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. “झाला बाई पांढरा!” डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर मात्र बारीकशी आठी पडली. “थोडे दिवस वापरून बघा,” त्या म्हणाल्या. “मग पक्की करू.”

आजी परत आल्या तेव्हा तोंडावर पुन्हा हात होता.

“काय झालं? दुखतंय?”

“दुखत नाही. बरी आहे कॅप.”

“मग हात का?”

या वेळी नात सोबत आली होती. अंगानं एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला गुंडी म्हणायचे. ती फिरत्या स्टुलावर बसून पाय हलवत होती.

सून म्हणाली, “आई बोलायला लागल्या की ही त्यांच्या दाताकडेच बघत बसते. ओठांकडे लक्षच जात नाही. काल तर बोट लावून म्हणाली, आजी, हा कुणाचा आहे?”

“जुन्या कुंपणाला एकच नवी फळी ठोकल्यासारखं झालंय,” आजोबा म्हणाले. आजींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते लगेच मासिक वाचायला लागले.

“आधी काळा होता म्हणून झाकत होते,” आजी म्हणाल्या, “आता पांढरा आहे म्हणून झाकते. मी हट्ट केला, डॉक्टर. माझंच चुकलं.”

“नाही आजी. तुम्ही पांढरा मागणारच, सगळेच मागतात. रंग वेळेवर बघणं माझं काम होतं. मी घाईत शेवटी बघितला. कॅप पुन्हा करू या.”

त्यांनी मोठा दिवा बंद केला आणि आजींना खिडकीपाशी नेलं. पाण्याची चूळ भरायला लावली आणि आम्हाला बाहेर काढलं. एकेक दात शेजारी धरायचा, क्षणभर बघायचं, मग डोळे आकाशाकडे वळवायचे. टक लावून बघत बसलं की डोळा फसतो.

माझी पाळी आली. गुंडी आईच्या कडेवरून वाकून बघत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आजीच्या दातांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग डोळे मोठे करून म्हणाली, “गेला.”

“काय गेला गं?”

“दात. कुठे गेला?”

मी तिथेच होतो. पण आजींच्या दातांशेजारी मी वेगळा असा दिसतच नव्हतो. आमच्या जातीचं सार्थक यातच असतं, शेजारी धरल्यावर दिसेनासं होण्यात. इतकी वर्षं खणात काढली, ती या एका क्षणासाठी असं मला वाटलं.

आजींनी आरशात पाहिलं. या वेळी नाक मुरडलं नाही. “चहा प्यायलेला का असेना,” त्या म्हणाल्या, “माझाच आहे.”

नवी कॅप माझ्या रंगाची आली. ती आधी कच्ची बसवली तेव्हा कुठला दात खरा नि कुठला बसवलेला, ते आजोबांना ओळखता येईना. दोनदा चुकले. तरीही आजी बोलायला लागल्या की हात आपोआप वर जायचा. दात बदलला तरी हाताला कुठे कळतं? “हात, आई,” सून हळूच म्हणायची. आजी हात मांडीवर ठेवायच्या. तो पुन्हा निघायचा. त्या पुन्हा ठेवायच्या. अशा एकदोन खेपा झाल्या.

कॅप पक्की करायच्या दिवशी खाली रस्ता खणत होते. यंत्राचा एवढा धडधडाट, की खिडकीच्या काचा थरथरत होत्या. काम झालं. आजी खुर्चीतून उठल्या. गुंडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, बूट काढून चित्रांचं पुस्तक बघत बसली होती. आजींनी तिच्याकडे बघून हात हलवला. तो हात तोंडाकडे निघाला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग आजी काहीतरी बोलल्या.

“काय म्हणालात, आई?” सुनेनं कानाला हात लावून विचारलं.

“अं?” आजोबा ओरडले.

डॉक्टरीणबाईंनाही ऐकू आलं नाही. तो गोड आवाज धडधडाटात बुडून गेला होता.

गुंडीनं मात्र पुस्तक मिटलं. बूट ओढून घेतले, एक पायात घातला, दुसरा उलटा घातला, काढून पुन्हा सरळ घातला. मग उठून आजीजवळ आली आणि तिचं बोट धरलं.

“चल,” ती म्हणाली. “पण वाटेत गोष्ट सांग. माझ्याकडे बघून सांग.”

आजी तिथेच खाली बसल्या, तिच्या तोंडासमोर तोंड आणून. गोष्ट जिन्यात सुरू झाली की तिथेच, ते मला माहीत नाही. आमचा खण बंद झाला.

आता दवाखान्यात रंग मोजणारं एक छोटं यंत्र आलंय. दाताला टेकवलं की आकडा सांगतं. मला धरायची बारीक दांडी वाकली आहे, पाठीवरचा आकडा पुसट झाला आहे. डॉक्टरीणबाई मला कधीतरीच काढतात. पण अजूनही खिडकीपाशीच नेतात आणि आधी पेशंटला चूळ भरायला लावतात.

माझी तक्रार नाही. फक्त जाता जाता एक विनंती. कधी या खुर्चीत बसलात तर पांढरा दात जरूर मागा, तुमचा हक्क आहे. पण एकदा मलाही तुमच्या दाताशेजारी धरून बघा, आणि मी दिसेनासा झालो तर नाक मुरडू नका. आणि दात कसलाही असो, काळा, पिवळा, तुटका, घरच्या माणसांशी बोलताना तोंडावरचा हात खाली घ्या. त्यांना नुसतं ऐकायचं नसतं, बघायचंही असतं.