भिंत बुजवायच्या आधी

घरचं काम घरच्याच माणसाला दिलं की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. चहा त्याला वेळेवर जातो, काम मात्र त्याच्या सवडीने होतं, आणि काही खटकलं तर बोलायची सोय नसते, कारण तो घरचा. या घरातही तेच चाललं होतं.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. जिना चढवेना. म्हणून मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली वाढवली, खोलीला लागून न्हाणीघर, न्हाणीघरात गिझर. वायरिंग कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे आपले मामा, परवाना घेऊन हेच काम करतात. मामांनी भिंतीत खाचा पाडल्या, पाइप बसवले, वायरी ओढल्या. गवंड्याने माल कालवला, थापी हातात घेतली, आता खाचा बुजवल्या की झालं.

आणि नेमकी तेव्हाच सून खुर्ची घेऊन आली आणि गिझरच्या खाचेसमोर ठाण मांडून बसली.

"मामा, चाचणी झाल्याशिवाय भिंत बुजवायची नाही."

मामा हसले. "कसली चाचणी? मी काय परका आहे का?"

"परके असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात आणि त्यांच्यापुढे सहसा कुणी बोलत नाही. "सूनबाई, ऊठ. माल वाळतोय."

"वाळू दे, अण्णा. नवीन खोली जोडली की वीज ऑफिसला कळवावं लागतं. परवाना असलेल्या माणसाने तपासून सही द्यावी लागते. कुठे वीज गळली तर आपोआप बंद करणारा स्विच बसवावा लागतो. यातलं काय झालंय?"

"इतकी वर्षं या घरात कुणाला साधा झटका बसलाय का?"

"बसेपर्यंत थांबायचंय का?"

तिचा नवरा दारात उभा राहून दोन्ही बाजूंना मान डोलवत होता. त्याच्याकडून काही होणार नव्हतं.

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी पक्कड पिशवीत टाकली आणि बहिणीकडे वळले. "ऐकलंस ताई? तुझी सून माझ्या कामावर संशय घेते. तू सांग, मी राहू का जाऊ?"

सगळ्यांना वाटलं, आता सासूबाई सुनेला उठवणार. भाऊ एकुलता एक, त्यात रुसका. एकदा रुसला तर वर्षभर उंबरा चढत नाही. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. गुडघे दाबत म्हणाल्या, "मला एक सांग. ओल्या अंगाने मी त्या गिझरला हात लावला आणि त्यात वीज उतरली असली, तर ती मला तुझी ताई म्हणून सोडून देणार आहे का?"

"असं कसं बोलतेस..."

"विचारतेय. तुझ्यावर माझा भरवसा आहेच रे. पण त्या नळाखाली तू नाही उभा राहणार, मी उभी राहणार. तपास. मग जा हवं तर."

मामा रागाने परत खाचेपाशी आले. बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडलेला त्यांचा तपासणीचा दिवा त्यांनी काढला. "बघा डोळे भरून." एक वायर विजेला, दुसरी न्यूट्रलला. दिवा लख्ख लागला. "आता अर्थिंगला. तिथेही असाच लागणार." दुसरी वायर अर्थिंगला टेकवली.

दिवा लागला नाही.

मामांनी जोड खरवडला, परत टेकवलं. नाही. अंगणात जाऊन नळाच्या लोखंडी पाइपावरची पट्टी आवळून आले. नाही.

"असं कसं होईल? जुन्या घराचं अर्थिंगही याच पाइपाला आहे."

अण्णा हळूच म्हणाले, "पाइप गळत होता म्हणून जमिनीखालचा मी गेल्या उन्हाळ्यात बदलला. प्लॅस्टिकचा टाकला. नळ हलू नये म्हणून वरचा तेवढा लोखंडी ठेवला."

"दाजी, मला सांगितलं नाहीत?"

"नळाचं काम तुला कशाला सांगायचं?"

बघा हं, एकाने पाइप बदलला, दुसऱ्याने पाइपाला वायर जोडली, दोघंही घरचे, आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. गळलेली वीज जमिनीत जायची वाटच तुटलेली. नव्या खोलीचं सोडा, अख्खं घर गेल्या उन्हाळ्यापासून असंच वापरत होते सगळे.

मामा खाली बसले. मग म्हणाले, "नळाच्या पाइपावर अर्थिंग द्यायचं नसतं, ते मला माहीत आहे. परक्यांच्या घरी मी अर्थिंगसाठी जमिनीत वेगळा खड्डा घेतोच. इथे म्हटलं, ताईचंच तर घर आहे, कोण विचारणार."

"म्हणजे परक्यांना चांगलं आणि बहिणीला कसंतरी?" सून म्हणाली.

अण्णा अजून हट्टाला पेटलेले. "बरं, खड्डा बाहेर घेऊ सावकाश. भिंत तर बुजवा. माल फुकट जाईल."

आता मात्र मामाच खाचेसमोर जाऊन उभे राहिले. "नाही दाजी. आधी घराचा मेन स्विच बंद. मग खड्डा, मग गळतीचा स्विच, मग वायर न् वायर तपासणार, वीज ऑफिसचा माणूस बघून जाणार, आणि मगच थापी लागेल. सही माझी असणार आहे."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, पायरीवरच्या बायकोकडे पाहिलं. मग स्वतःच मीटरपाशी गेले आणि मेन स्विच खाली ओढला. येताना कोपऱ्यातली कुदळ घेऊन आले. "कुठे खणायचं ते सांग," मामांना म्हणाले. कालवलेला माल गवंड्याने अंगणाच्या फुटक्या कट्ट्याला लावून टाकला.

तर मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात एक मामा असतो. त्याला विचारा. "तपासलंस का? सही देतोस का?" असं तोंडावर विचारा. नियम परक्यांसाठी आणि घरच्यांना सूट, ही सवय आता मोडायलाच हवी. तो रागावेल, रुसेल, ताटावरून उठून जाईल. जाऊ द्या. रुसलेल्या माणसाला चार वेळा बोलावून परत आणता येतं. न्हाणीघरात पडलेल्या माणसाला नाही आणता येत.